सोनेरी खुर्ची

शुब्रा, कैरो
सोमवार, ४ नोव्हेंबर

लाडके रबाब,

तुला, फत्हीला आणि तांत्यातल्या सगळ्या मंडळींना सलाम. इकडे सारं ठीक आहे. शुक्रीचा खोकला गेला. सासूबाईंचे गुडघे होते तसेच आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या मदाम ओदेतने पेरूचा मुरंबा पाठवला, तो मला चमच्याने भरवण्यात आला. हो, भरवण्यात आला. हात मोडलेला नाही, पण चमचा उचलायला पोटाचे स्नायू लागतात असं या घरात कुणीतरी ठरवलंय.

तू म्हणशील, ही बया फोन सोडून पत्रं कसली लिहीत बसलीय? फोन सासूबाईंनी फ्रिजवर ठेवलाय. त्याची किरणं पोटाला लागतात म्हणे. फार हट्ट केला तर कानाशी धरून देतात, पण मग स्वतः शेजारी बसून सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र. आपल्या गावची बदरिया गुरुवारी चीज घेऊन आली की सज्जातल्या दोराच्या टोपलीतून खाली सोडेन. तुझी चिठ्ठीही तिने चीजच्या डब्याखाली दडवून वर पाठवली होती.

चिठ्ठी वाचली. पुढच्या महिन्यात तुझाही टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार सुरू होतोय हे वाचून हसले आणि रडलेही. तू विचारलंयस, गर्भ आत ठेवल्यावर दुकानाची नोकरी सोडून पडून राहू का? आणि खाली लिहिलंयस, 'ताई, तू बटाट्यांची टोपली ओढलीस तसला वेडेपणा मी करणार नाही.' त्या वाक्याला उत्तर देते, पण जरा दम धर.

आधी माझी दिनचर्या ऐक. उठले की पडलेली असते. दुपारी डाव्या कुशीवर, संध्याकाळी उजव्या. संडासाला जाताना सासूबाई पाठीमागून कंबर धरून चालतात, जणू मी काचेची भरलेली बरणी आहे. मी, रबाब! मुलींच्या शाळेत खेळ शिकवणारी मी, जिची शिट्टी ऐकली की अख्खं मैदान पळायला लागतं. शाळेतून निरोप आला की व्हॉलीबॉलच्या संघाला गणिताच्या बाई शिकवतायत. त्या बिचाऱ्या चेंडू आला की डोळे मिटतात.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते तुला सांगते. गर्भ आत ठेवला त्या दिवशी मी आणि शुक्री समोर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "घरी जा, चाला, स्वयंपाक करा, शाळेत जा. उड्या आणि जड ओझी तेवढी नकोत. तो काही टेबलावरचा पेला नाही, धक्का लागला की सांडायला." मला इतकं हलकं वाटलं! पण बाहेर आल्यावर शुक्री म्हणाला, "हे आईला नको सांगायला. ती काळजीने अर्धी होईल. थोडे दिवस पडून राहण्यात तुझं काय जातंय?"

आणि मी घरी येऊन आडवी झाले.

सासूबाईंवर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. शुक्रीच्या आधी त्यांचे दोन गर्भ अर्ध्यावर गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी गॅसची टाकी चार मजले वर आणली होती. त्यांच्या सासूने गल्लीभर सांगितलं, "हिने पाडलं." अजूनही जिन्यात टाकी आपटल्याचा आवाज आला की त्या हातातलं काम थांबवतात. मला कबुतराचं सूप पाजताना म्हणतात, "मला कुणी नीज म्हणालं नाही गं. तू नीज." आता सांग, अशा बाईला झिडकारून कशी उठू?

मंगळवार

काल पत्र उशीखाली सरकवावं लागलं. आज तुझ्या त्या वाक्याकडे येते.

मागच्या खेपेस मी बटाट्यांची टोपली दोराने सज्जात वर ओढली आणि सगळं गेलं, असं तू ऐकलंस. आईनेही तेच ऐकलं आणि मावश्यांनीही. टोपली ओढली हे खरं. पण ती दुपारी ओढली, आणि रक्त सकाळीच दिसलं होतं. त्याआधी मी बिछान्यातून पाऊलही धड खाली टाकलं नव्हतं. जे गेलं ते पडल्यापडल्या गेलं. पण सासूबाईंनी दोर माझ्या हातात पाहिला, त्यांना कारण सापडलं, आणि मी गप्प बसले. कारण सापडलं की घर शांत होतं. शुक्रीसुद्धा माझा हात थोपटत म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वेळी जपू." डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याने तेव्हाही ऐकलं होतं. त्या क्षणी मला त्याचा जो राग आला तो आजही गेलेला नाही.

आणि आता जे कालपासून लिहायचं टाळतेय ते.

शुक्रवारी सासूबाई एका मयताच्या घरी सांत्वनाला गेल्या होत्या. मागच्या गल्लीत लग्नाचे ढोल वाजत होते. मी उठले. आधी नुसती खिडकीपर्यंत गेले. मग फरशी पुसली, कारण तिची दशा बघवत नव्हती. मग कमरेला ओढणी बांधली आणि नाचले गं! एकटी, खोलीत, घाम येईपर्यंत नाचले. किती दिवसांनी मी मला भेटले! सासूबाई यायच्या आत तोंड धुऊन बिछान्यात शिरले. त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघ, पडून राहिलीस तर गालांवर कसा रंग आलाय."

आज सकाळी रक्त आलं. डाग नाही, पाळीसारखं.

मला ठाऊक आहे, रबाब. मागच्या वेळी पडून राहिले तरी गेलं. या वेळी नाचले तरी गेलं. म्हणजे दोन्हींचा काही संबंध नाही. मी शिकलेली बाई आहे, मला हे कळतं. तरीही सकाळपासून कानात ढोल वाजतायत, आणि ते थांबावेत म्हणून मी मधूनमधून उशी कानांवर दाबून घेतेय.

कुणाला सांगितलेलं नाही. उद्या रक्ततपासणी आहे. सांगितलं की पहिला प्रश्न येईल, "काय केलंस?" आणि या वेळी माझ्याकडे खरंच उत्तर आहे.

बुधवार, संध्याकाळ

दवाखान्यात कसं न्यायचं यावर काल इथे बैठक भरली होती. जिने उतरायचे नाहीत हे नक्की. मग ठरली ती दिवाणखान्यातली सोनेरी मुलाम्याची खुर्ची, तीच, जिच्यावर तुझ्या नवऱ्याला, फत्हीलाही बसू दिलं नव्हतं. मागून शुक्री, पुढून दारवान साबिरकाका, मध्ये मी. सासूबाईंनी माझ्या मांडीवर शाल पसरली.

वरून खाली चार मजले. प्रत्येक मजल्यावर दार उघडं. मदाम ओदेतने छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाली, "येशू आणि मरियम तुझ्या पाठीशी आहेत." तिच्या शेजारणीने तर लग्नात करतात तसा जीभ हलवत उलूलूचा गजर केला. साबिरकाका धापा टाकत म्हणाले, "मुलगा झाला तर मिठाई माझी, आणि मुलगी झाली तरी माझीच!" सगळे हसले. मीही हसले. शालीखाली काय चाललंय ते मला माहीत होतं, आणि तो गजर माझ्याबरोबर जिना उतरत होता. त्या खुर्चीत मी हात कुठे ठेवायचे तेच विसरले होते. ओरडून सांगावंसं वाटलं, खाली ठेवा मला! पण तोंडून निघालं, "काका, सावकाश, पाय घसरेल तुमचा."

गर्भ राहिलेला नाही, असं तपासणीत निघालं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बोलावून सांगितलं. मी शुक्रीसमोरच बोलून टाकलं, "मी नाचले होते."

त्या म्हणाल्या, "छान केलंत. त्यामुळे हे झालेलं नाही. माझ्याकडे धावपळ करणाऱ्यांचं राहतं, निजून राहणाऱ्यांचं जातं, आणि उलटही होतं."

शुक्री जमिनीकडे बघत होता. टॅक्सीत त्याने माझा हात धरला. मी तो धरू दिला.

दारात साबिरकाका खुर्ची घेऊन उभेच होते. शुक्री पुटपुटला, "बस ना. वर गेल्यावर आईला हळूच सांगू."

"मी चालत जाते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सुहैरला पाय आहेत."

मी चढायला लागले. दारं पुन्हा उघडली, पण या वेळी कुणी गजर केला नाही. मदाम ओदेतने मला पाहिलं, मागून येणारी रिकामी खुर्ची पाहिली, आणि तोंडावर हात ठेवला. वरून सासूबाई कठड्यावर ओणवून ओरडत होत्या, "अगं वेडे, चालतेस काय! शुक्री, मेल्या, उचल तिला!" तिसऱ्या मजल्यापर्यंत ओरडल्या. मग त्यांचा आवाज बंद झाला.

घरात आल्यावर त्यांनी विचारलंच. "काय केलंस?"

मी तोंड उघडायच्या आत शुक्री बोलला. "तिने काही केलं नाही, आई. डॉक्टरांनी दोन्ही वेळेला सांगितलं होतं, हिंडू फिरू द्या. मीच तुला सांगितलं नाही."

मला वाटलं आता तोफ सुटणार. पण सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे हलल्याने जात नाही?"

"नाही, आई."

"मग माझं कशानं गेलं?"

मी एवढंच म्हटलं, "टाकीमुळे नाही गेलं, आई." त्या माझ्या बिछान्याच्या कडेला बसल्या, मग आडव्या झाल्या, माझ्याच उशीवर, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांचे गुडघे चेपत बसले. आम्ही दोघी खूप रडलो. स्वयंपाक शुक्रीने केला, फूलच्या दाण्यांची उसळ करपवली, आणि आम्ही ती मुकाट्याने खाल्ली.

तिसऱ्यांदा करायचं की नाही, आज मला ठाऊक नाही. केलं तर पडून राहणार नाही, एवढंच सांगते. आणि तू, माझे राणी, दुकान सोडू नकोस. चालत जा, चालत ये. खुर्चीवर स्टूल ठेवून वरचे डबे काढायचा तुझा उद्योग तेवढा बंद कर. देव देईल तर देईल. नाही दिलं आणि कुणी विचारलं, 'काय केलंस?' तर मला कळव. मी शिट्टी घेऊन येते.

गुरुवार, सकाळ

बदरियाची हाक आली. मी दोर सोडायला सज्जात जाणार होते, पण चपला घातल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं अडवतील. पायातल्या चपलांकडे त्यांनी पाहिलं. मग खिळ्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"खाली चाललीच आहेस तर बटाटे आण," म्हणाल्या. "दोन किलो."

हे पत्र मीच बदरियाच्या हातात देतेय.

तुझी ताई, जिना उतरायला निघालेली,
सुहैर