कडांना पांढरं

४ जून
ट्रकचा हिरवा एकदाचा वाळला. या उकाड्यात रंग ब्रशवरच वाळतो, कूलर लावला की ओल्या रंगावर धूळ बसते. तळहाताएवढा ट्रक, दाराशी अंगठ्याएवढे बाबा, हातात खडू. कपाळ, नाक, खांदे, जिथे वरून ऊन पडेल तिथे पातळ थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित उजळ. जोड दिसत नाही. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. "क्या संयम है!" असं आलं.
सुनंदा चष्मा लावून म्हणाली, "उजळ केलं कुठे? मला तर नुसता हिरवा दिसून राहिला."
बायको असली की समीक्षक वेगळा ठेवावा लागत नाही.

७ जून
ट्रक बाबांच्या हातात दिला. फिरवून पाहिला. "छान आहे," म्हणाले.
घाबरलो. बाबा जन्मभर रांझीच्या ट्रक फॅक्टरीत इन्स्पेक्शनला. खडूने फुली मारली की माल परत. घरीही तेच. माझे निकाल, सु.चं वरण, आमचं लग्न, सगळ्यावर फुली. त्यांच्या तोंडून 'छान' आज पहिल्यांदा ऐकलं.
म्हणजे दिसलंच नाही.

८ जून
काचबिंदू. एक डोळा गेलेलाच. दुसऱ्याचं सदर बाजारातले डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. उरलंय किती, ते बाबा सांगत नाहीत. तपासणीचं नाव काढलं की, "सब दिखता है मेरे को." आणि रोज सकाळी सायकल काढून जुन्या दोस्तांकडे चहाला. बस, मोटरसायकली, सगळ्यांच्या मधून.
सु.: "सायकलची चावी लपवून टाका तुम्ही."
लपवली तर माणूस खुर्चीत बसवला. नाही लपवली तर…

१० जून
सु.चं निरीक्षण: पांढऱ्या ताटातला भात बाबा चाचपडत शोधतात, काळ्या तव्यावरची पोळी बरोबर उचलतात. हे मला सुचायला हवं होतं. उजेड-सावलीवर ग्रुपमध्ये प्रवचनं मी देतो.

१२ जून
संयम गुंडाळून ठेवला. ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा केला, फिका हिरवा फक्त उंचवट्यांवर घासला. बोल्ट, जाळी, टायरचे दात वर आले. मग ब्रशची बाजू टेकवून प्रत्येक कडेवर पांढऱ्याकडे झुकलेली रेघ. अंगठ्याएवढ्या बाबांच्या नाकावर चुना लागल्यासारखा.
ग्रुप: "कार्टून बना दिया, भैया."
बना दिया. कोपरे भडक केल्याशिवाय माणसाला दिसत नाही, हे मी दर रविवारी पेपरातल्या माझ्या कॉलमात करतोच. तिथे त्याला शैली म्हणतात.

१४ जून
बाबा: "काहून रे, ट्रकचा आरसा उलटा लावला?"
खरंच उलटा! नाचायचंच बाकी होतं. स्वयंपाकघरात जाऊन, "सु., दिसलं त्यांना!"
"अंगठ्याने पाहिलं. मी बघून राहिली होती ना."
आरसा सरळ केला.

१५ जून
ट्रकच्या दारावर बारीक ब्रशने पांढरी फुली काढली. खडूची वाटावी अशी. रंग पाण्यासारखा पातळ, दोन हात, वर मॅट वॉर्निश. डोळे मिटून स्वतःचा अंगठा फिरवला. काही लागत नाही.
दुसऱ्याने मारलेली फुली बाबा मुकाट सोडणार नाहीत. दिसली, तर.
सु.: "आणि नाही दिसली तर?"
चावी खिशात टाकली. तिने पाहिलं.

१६ जून
सकाळी व्हरांड्यात ट्रक दिला. सायकल समोरच उभी. बाबांचा अंगठा टपावरून, बोनेटवरून, दारावरून गेला. कुठे अडला नाही. "चलो, आरसा सुधारला," म्हणाले. मग अंगठा काढून घेतला. ट्रक उन्हात वर धरला, मान तिरकी केली, जरा आणखी तिरकी.
"कसा आहे, बाबा?"
"घाई काय आहे? इन्स्पेक्शन चालू आहे. जा, चहा ठेव."
चहा उकळून काळा झाला. सु. दाराआडून बघून राहिली आहे. मी ओट्यावर वही टेकवून हे लिहून राहिलो आहे, चावी मांडीला टोचते.
अजून 'छान' म्हणाले नाहीत.