डागी कापूस

झरी, १२ नोव्हेंबर २०२४

चि. भागवतास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. औंदा कापूस लय फुटलाय. वेचताना बोंडाची टोकं सगळ्यांच्याच बोटांना लागतात, पण माझं रक्त थांबतच नाही. पांढऱ्या कापसावर लाल डाग! बायका हसतात. म्हणून ती रक्त पातळ ठेवायची गोळी वेचणी होईपर्यंत बंद केली. बोटं लगेच कोरडी झाली.

छातीतली धातूची झडप टिकटिक करायची, तीही चार दिवसांपासून गप्प आहे. सूनबाई मंजुषा चेष्टेनं म्हणाली की आत्याबाईंचं घड्याळ बंद पडलं. बांध चढताना दम लागतो, पण वय झालं, दुसरं काय! भावजय कुसुमला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी अक्का

मानवत, ५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास भागवतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि भरल्या ताटावरून उठून गाडी काढली, तुला परभणीच्या दवाखान्यात नेलं. झडपेचा आवाज बदलला की धावत या, असं ऑपरेशनच्या वेळीच बजावलं होतं. तू विसरलीस. झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. गाठ विरघळायचं औषध देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर... तेव्हापासून मला धड झोप नाही. लय भ्यालो, अक्का.

आता शेत बटईनं दे आणि मानवतला येऊन राहा. नाही म्हणायचं नाही. कृपा असू द्यावी.

तुझा भागवत

झरी, १६ डिसेंबर २०२४

चि. भागवतास अनेक आशीर्वाद.

नाही म्हणते. गोळी मी बंद केली, शेतानं नाही. माझ्या चुकीची शिक्षा त्याला कशाला? तुझे दाजी गेल्यावर याच शेतानं मला उभं ठेवलं.

गोळी आता दिवाबत्तीच्या वेळी मंजुषासमोर घेते. रक्त तपासायला ठरल्या तारखेला परभणीला जाते. डॉक्टरीणबाईंना बोटं दाखवली. आधी त्या खूप रागावल्या. मग म्हणाल्या, महिनाभर थांबा, नंतर बोटांना जाड पट्ट्या बांधून थोडं थोडं वेचा, गोळी मात्र चुकवू नका. म्हणून सध्या बांधावर बसून बायकांवर ओरडते. संक्रांतीनंतर शेवटची वेचणी माझी!

डाग पडलेला कापूस बाजूला ठेवला होता. त्याची उशी शिवून पाठवलीय. झोप येत नाही म्हणतोस ना, तिच्यावर डोकं ठेव. इकडे टिकटिक पुन्हा सुरू झालीय, अगदी मंजुषालाही ऐकू जाते.

लोभ असावा, हुकूम नसावा.

तुझी अक्का