ठळक अक्षरांचा फलक घेऊन जाण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नगर कार्यालय.

विषय : 'अर्ज येथे स्वीकारले जातील' हा फलक व अर्जदाराच्या घरी साचलेले दोनशे तेरा अर्ज ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. १४ (अक्षरे फार बारीक असल्याने शेजारच्या घड्याळजींकडून भिंगाखाली वाचून घेतली).

महोदय,

१. अर्जदार बोर्ड पेंटर असून आपल्या कार्यालयासमोर, रस्त्यापलीकडे राहतो. सदर फलक आपणच सांगितला. अक्षरे रस्त्यापलीकडून चष्म्याविना दिसावीत, असा लेखी आदेश होता. त्याप्रमाणे अर्जदाराने ती हातभर उंच व चांगली ठोकळेबाज काढली. 'अ'च्या पोटात जेमतेम बोट जाईल एवढी फट उरली आहे. तीस वर्षांत इतके भरदार काम हातून झाले नव्हते, हेही नमूद करतो.

२. अशा जाड अक्षरांना रंगाचे तीन हात लागतात व ते लवकर वाळत नाहीत. म्हणून फलक घराच्या भिंतीला टेकवून उन्हात ठेवला. त्याच दिवशी अकरा जणांनी अर्ज आणून दिले. कार्यालय समोर आहे, असे हात जोडून सांगितले. तिथे काहीच लिहिलेले नाही, इथे एवढे मोठे लिहिले आहे, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने ते अर्ज ठेवून घेतले.

३. घाबरून अर्जदाराने फलकाचे तोंड भिंतीकडे केले. रंग ओला होता. जन्म रंगात गेलेल्या माणसाने ही चूक करावी याची लाज वाटते. अक्षरे भिंतीवर उमटली. ती उलटी आहेत, पण जाडीमुळे सहज वाचता येतात. फलक बाजूला घेतल्यापासून दोन रांगा लागतात, एक फलकापुढे व एक भिंतीपुढे.

४. अर्जदाराची आई दारात भाजी निवडत बसते. लोकांचे ताटकळणे तिला बघवेना. ती अर्ज घेऊ लागली व पुढे शेरेही मारू लागली. उदा. 'नळ आजच दुरुस्त करा', 'यांना अजून किती खेपा घालायला लावणार?' लोक समाधानाने घरी जातात. दार रांगेने अडल्यामुळे अर्जदार व त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा करतात.

५. बेकायदा कार्यालय चालवल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, असे आपण विचारले आहे. परवाना गेल्यास ब्रश खाली ठेवावा लागेल, आणि अर्जदाराला दुसरे काही येत नाही. तरी फलक न्यावा व नोटीस मागे घ्यावी. कृपया उत्तर ठळक अक्षरांत द्यावे.

६. हा अर्ज देण्यास अर्जदार आज आपल्या कार्यालयात आला होता. खिडकीवर कोणी नव्हते. अर्ज घेणारे आपले लिपिक स्वतःचा रजेचा अर्ज (वरील दोनशे तेरांत धरला आहे) घेऊन अर्जदाराच्या घरासमोर रांगेत उभे होते. नाइलाजाने अर्जदारही त्यांच्या मागे उभा राहिला.

आपला नम्र व घराबाहेर अडकलेला,
(सही)
बोर्ड पेंटर
दि. १९

सोबत : नोटीस, भिंतीचा फोटो.

आवक क्र. २१४. शेरा : मुलगा खरे सांगतो आहे. परवाना राहू द्यावा. रंग ओला आहे, हे मी त्याला सांगितले होते.
(सही) आई