शाळेसमोरचा शोषखड्डा

२ जाने., शुक्र.
कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर यंदा आमच्या गावात! रिठदच्या पुढचं आमचं गाव कुणी निवडेल असं वाटलं नव्हतं. बारावीला समाजसेवेचे तास भरले नाहीत तर प्रमाणपत्र नाही, आणि शिबिरात तास एकगठ्ठा मिळतात. म्हणून रिसोडहून अख्खा वर्ग येणार. माझी मैत्रीण नाझनीन म्हणाली, "तुझी मजा हाय. तुले ना अंथरून लागन ना डबा."

माझ्या डोळ्यांपुढे एकच, हापशी. विहाराकडच्या आमच्या गल्लीत हापशीचं सांडपाणी दारासमोरच तुंबतं. त्याच चिखलात मागच्या वर्षी आई घसरली. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. पाणी भरणं काही सुटलं नाही. तिथं पाणी मुरवायला एक शोषखड्डा झाला की बास. एवढे हात असले तर एका दिवसाचं काम.

शिबिर घेणाऱ्या वानखडे सरांना (पुढे वा. सर) सांगितलं. "छान सूचना आहे." आनंद!

५ जाने., सोम.
उद्घाटन, नारळ, भाषणं. मग स्वच्छतेची रॅली. घोषणा देऊन घसा बसला. रॅली चौकातून उलटी फिरली, आमच्या गल्लीत आलीच नाही. का, तर तिकडे चिखल आहे.
स्वच्छतेची रॅली. चिखल आहे म्हणून.
आई दारात उभी होती बघायला. नवं लुगडं नेसून.

६ जाने.
शोषखड्ड्याची जागा ठरली. शाळेसमोर. तिथं ना हापशी, ना नळ, ना नाली. भर पावसाळ्यातही कोरडी राहणारी जागा.
मी म्हटलं, "सर, पाणी तिकडं आहे."
वा. सर : "पल्लवी, पाहुण्यांची गाडी इथपर्यंतच येते. बॅनरला ही भिंत आहे. तुमच्या गल्लीत सगळे उभे तरी राहतील का?"
"मग मी एकटी खणते तिथं."
"खण की. पण तासांत धरता येणार नाही. स्वतःच्या घरापुढचं काम म्हणजे सेवा नव्हे. त्यात स्वार्थ आला."
चिडून नाही म्हणाले, समजावून म्हणाले. त्यानं जास्तच डोकं फिरलं.
म्हणजे नाझनीननं आमच्या दारापुढे खणलं तर सेवा, मी खणलं तर घरकाम. मग मी सेवा करायला कोणाचं दार शोधू?

७ जाने.
टिकाव. हात सोलवटले. सरपंचांनी ट्रॅक्टरनं दगड आणून टाकले, त्यांचाही फोटो झाला. मुलं फोटोपुरता टिकाव धरतात, मग दुसऱ्याला देतात.
वर बसवायच्या मडक्याला भोकं पाडताना मडकी फुटत होती. आईनं घरचं जुनं दिलं, भोकं पण तिनंच पाडून दिली. मडकं मांडीत घेऊन, एका हातानं खिळा धरून, दुसऱ्यानं ठोकून. "कामाले येत असन त घेऊन जाय."
कामाला येणार नाही ते, हे तिला नाही सांगितलं.

९ जाने.
शिबिराच्या भाकरी गावातल्या बायांकडे. आज आमच्या गल्लीची पाळी. आई तो हात घेऊन पीठ मळत बसलेली. मी भांडले. ज्यांनी आपल्या गल्लीत पाऊल टाकलं नाही त्यांच्यासाठी कशाला?
"लेकरं हायेत ते. उपाशी ठेवू का? तू काहून एवढी जळून राह्यली वं?"
जळतेच आहे. जळू नको तर काय करू?

११ जाने., रवि.
समारोप. पाहुणे आले, फीत कापली, आणि म्हणाले, "चालू करून दाखवा की."
कोरड्या जागेतला शोषखड्डा चालू कसा करायचा? वा. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पल्लवी, तुझं घर जवळ आहे ना..."
गेले. काय करणार. आईनं हापशी हापसली, तिची बादली भरून दिली. मी ती उचलून गावातून शाळेपर्यंत आणली. पाहुण्यांनी पाणी ओतलं. मडक्यातून भुर्रकन खाली. टाळ्या! आणि तिकडे बादली भरताना सांडलेलं पाणी आमच्या दारात वाढलं.
मग नाव पुकारलं. उत्कृष्ट स्वयंसेविका : मी. ट्रॉफी, गुलाबाचं फूल. मनोगत सांग म्हणाले. सगळं ओठांवर होतं. आणि तोंडातून काय निघालं? "सर्वांची आभारी आहे."
शी.

१३ जाने.
शिबिर गेलं. ट्रॉफी टीव्हीवर ठेवली आहे. आई रोज पदरानं पुसते. बाहेर जाताना मात्र भिंतीला धरून, पाय चाचपत जाते. माझ्यानं ते दोन्ही बघवत नाही.
संध्याकाळी टिकाव घेऊन गल्लीत सुरू केलं.

१८ जाने., रवि.
नाझनीन सकाळच्या बसनं आली. न बोलावता. "दोस्ती हाय, तासबिस गेले चुलीत."
दुपारपर्यंत खड्डा झाला. दगड कुठून आणायचे? सरपंचांकडे गेले. "आता कायचे दगड? तुमचा कार्यक्रम झाला ना बाई."
परत आले, कडेला बसले. रडूच येत होतं. आई पाणी घेऊन आली.
"शाळेपुढच्या दगडायनं पानी पेलं का वं त्या दिवसापासून?"
"नाही."
"मंग उचल."
भरदुपारी, सगळ्यांसमोर, घमेल्यानं दगड वाहिले. मडकंही काढून आणलं, आमचंच आहे. पारावरचे काका : "काय वं पोरीहो, परवा भरलं अन् आज काढून राह्यल्या?"
नाझनीन : "तास भरून राह्यलो काका!"
किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

२२ जाने.
पाणी मुरतंय. दारासमोरची जमीन दिसायला लागली, पांढरट, भेगाळलेली. आई आज भिंतीला हात न लावता हापशीपर्यंत गेली. मी खिडकीतून पाहत होते. तिला सांगितलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या दाराले बी एक खंदून देशीन का?"

२४ जाने., शनि.
वा. सरांचा फोन. आवाजात एवढा आनंद कधी ऐकला नव्हता. आमचं शिबिर जिल्ह्यात आदर्श म्हणून निवडीला आहे. बुधवारी समिती बघायला येणार. "तुझ्या शोषखड्ड्यानं कॉलेजचं नाव काढलं. तू गावचीच, जरा झाडून ठेव. आणि बादलीभर पाणी तयार ठेव."
"हो सर," म्हटलं. फोन ठेवला.
शाळेसमोर आता नुसता खड्डा आहे. काल त्यात शेळी पडली होती.
सरांना सांगावं? कॉलेजची शोभा झाली तर शिबिराचे तास धरतील का? माझे जाऊ देत. पण सगळ्या वर्गाचे आहेत. नाझनीनला फोन केला. "मेरे भी घंटे उसमेंच हैं यार. पन तू म्हनशीन तसं."
मी म्हणेन तसं! मला काय कळतंय?
दगड नेऊन परत टाकायचे, समिती गेली की पुन्हा आणायचे, असंही मनात आलं. आईला बोलून दाखवलं. ती भांडी घासत होती, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.
"येऊ दे कोन येते ते. अठीच आन त्यायले, दाखव. नाई त नको दाखवू. पन बादली मी नाई देत यावक्ती."

२६ जाने.
झेंडावंदनाला वा. सर भेटले. लांबूनच अंगठा दाखवला. मीही दाखवला.
परवा बुधवार. दगड अजून आमच्या दारातच.