झिपरीच्या डब्यातलं कोकोपीट

धुळे, देवपूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५
सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. बादलीत कोकोपीट चौथ्यांदा धूत होतो. हात पुसून लिहायला बसलो.

ती. सौ. कोकिळाअक्का हिस,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला दोनदा मध्येच तोडलंस. शिवाय तुमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो, म्हणजे मी तुझ्याशी भांडलो की दाजी आणि सासूबाई फुकटात ऐकतात. कागदाला स्पीकर नसतो. म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच.

मी तुझ्याकडे कोकोपीटची एक वीट मागितली होती. नारळाच्या भुशाची, बंद, न फोडलेली, कोरडी. तुमच्या नर्सरीत केळीची रोपं लावायला त्या विटा टेम्पोने येतात, एक गेली तर कळणारही नाही. तू काय पाठवलंस? आधीच भिजवलेलं, मोकळं केलेलं, ट्रेमध्ये भरायला ठेवलेल्या ढिगातलं. भाऊला त्रास नको म्हणून तयारच पाठवते, असं वर लिहिलंस. अक्का, हा त्रास मला हवा होता. मी मुद्दाम कोरडी वीट मागितली होती.

दाजी हे पत्र वाचणारच, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. झिपरी ही टॅरँटुला जातीची केसाळ कोळीण आहे. पाय पसरले तरी दहा रुपयांच्या नाण्याबाहेर फार जात नाही. जळगावच्या योगराजकडून, त्याच्या माशांच्या दुकानातून मी ती घेतली. मोटारी रिवाइंड करून कमावलेल्या माझ्या पैशांनी घेतली, कोणाकडे हात पसरला नाही. तिची कात टाकायची वेळ जवळ आली आहे. पोट काळं पडलंय आणि नऊ दिवस तिने किड्याला तोंड लावलेलं नाही. अशा वेळी खाली स्वच्छ, ओलसर कोकोपीट नसलं तर जुनी कात पायांत अडकते आणि ती त्यातच मरते. मी घाई करत होतो ती याच्यासाठी.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझं कोकोपीट डब्यात भरलं. मुठीत दाबलं की एखादाच थेंब निघावा आणि बोट लावलं की गोळा फुटावा, ही रीत तूच शिकवलीस. तशी मूठ पाहत दहा मिनिटं बसलो. झिपरीला आत सोडलं तर ती खाली पाय टेकवेना. भिंतीवर चढून झाकणाला लटकली. मला वाटलं, नवीन घर आहे, बुजली असेल. सकाळी ती खाली पडली होती, पाय पोटाशी ओढून. मी तिला काढून ओल्या कापसाजवळ ठेवलं. दुपारी हलली. डाव्या बाजूचा एक पाय अजून फरफटतो.

मग मी ते कोकोपीट कागदावर पसरून पाहिलं. त्यात जांभळट दाणे आहेत. वास उग्र आहे. आणि मी फक्त दहा मिनिटं मुठी दाबल्या, तरी माझे तळवे रात्रभर जळजळत होते.

राखीला तू म्हणाली होतीस की तुझ्या झिपरीला आमच्याकडे आणलंस तर दाजींची चप्पल तिची वाट पाहतेय. तेव्हा मी हसलो. आता हसू येत नाही. दाजींनी हे मुद्दाम केलं असेल तर तसं स्पष्ट लिही.

आता योगराजकडून कोरडी वीट आणलीय. कोमट पाण्यात भिजवली. चहासारखं पाणी निघतं, ते जाईपर्यंत धुतोय, कारण कच्च्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. मग फडक्यात पिळून गच्चीवर दोन दिवस उन्हात. घरमालकीण भिकुबाईंनी हाई काय शे म्हणून विचारलं. मी रोपांसाठी म्हणालो. तुमच्यामुळे खोटंही बोललो.

नानांचा गुडघा बरा आहे. कळावे. राग आहे तो या कागदावर आहे, लोभ होता तिथेच आहे.

तुझा,
समाधान

*

ता. रावेर, जि. जळगाव
गुरुवार, ११ सप्टेंबर

चि. समाधान यास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

तुझं पत्र बठ्ठं वाचलं. दाजींनी नाही वाचलं. त्यांना तुझं अक्षर बारीक वाटतं आणि तू तर लहानपणापासूनच कंटाळवाणा. बारावी अर्धी सोडलीस पण शुद्धलेखन सोडलं नाहीस.

मी रागावलेय. पंधरा किलोमीटर स्कूटीवर जाऊन ती पिशवी मी एस.टी.त टाकली. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर मी म्हटलं भावाच्या लेकीचं गादीचं सामान. त्यावर तू मला विष पाठवलं म्हणतोस? बहिणीला असं लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

ते जांभळट दाणे खत आहे. तुझे दाजी रोज संध्याकाळी ते ढिगात कालवतात, रोपांना जोर यावा म्हणून. मी सकाळपासून त्यात कोपरापर्यंत हात घालून बसते. महाशिवरात्रीपासून हजारो ट्रे मी एकटीने भरले. प्रमिलाबाई आणि तिच्या चार बायका तेव्हाच काम सोडून गेल्या. हे म्हणतात त्या शिरजोर झाल्या, तीनशे रुपये रोज घेऊन हात दुखतात म्हणतात. घरचं माणूस असलं की असली नाटकं नाहीत. मला काही झालं नाही, आणि तुझी महाराणी एका रात्रीत आजारी पडते. तिला माझ्याकडे पाठव, दोन दिवस ट्रे भरायला लावते.

हात म्हणशील तर माझेही खाजतात. तळव्याची सालं निघतात. झिपरीला कात टाकायला महिने लागतात, मी दर आठवड्याला टाकते. भाकरी तव्यावर हातानेच परतते, चटका कळतच नाही. सासूबाई म्हणतात आता खरी सून झाली. फक्त सुईत दोरा ओवता येत नाही, बोटांच्या टोकांना सुई आहे की नाही तेच समजत नाही. नानांच्या सदऱ्याला बटण लावायचं राहिलंय ते त्यामुळे.

तिच्या पायाचं काय झालं ते कळव. मला काळजी नाही, तरी कळव.

कळावे. रागावलेल्या बहिणीचाही लोभ घ्यावा लागतो, तो घे.

तुझी,
अक्का

*

धुळे
सोमवार, १५ सप्टेंबर, दुकानात जेवणाची सुट्टी

ती. सौ. अक्का हिस,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

तू विनोद म्हणून लिहिलंस ते मी तीनदा वाचलं आणि एकदाही हसलो नाही. आधी झिपरीच्या पायाचं सांगतो, कारण तू विचारलंस: ती जिवंत आहे, नवीन कोकोपीटवर बसलीय, खाली पाय टेकवते.

आता तुझं. त्या कोकोपीटची चिमूट मी पुडीत बांधून ठेवली होती. इथल्या कृषी केंद्रातल्या झुलालभाऊंना दाखवली. त्यांनी पुडी नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. म्हणाले हे अळीचं औषध आहे, खत नाही. हे हाताने कोण कालवतं म्हणून त्यांनी मलाच झापलं. मी सांगितलं नाही की माझी बहीण. लाज वाटली. तुझी नाही, आमची.

मला राग कशाचा येतोय ते नीट लिहितो. झिपरीला पाय टेकवल्या क्षणी कळलं की खाली काही बरोबर नाही. तिला आठ पाय आहेत आणि तिने आठही उचलून घेतले. तुला सात महिने लागतायत. कारण तुला कोणीतरी सांगितलंय की ते खत आहे, आणि खाजणं म्हणजे सून होणं आहे.

मी दाजींना पत्र लिहिलं होतं. चांगलं दोन पानी, एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि त्यात मी त्यांना काय काय म्हटलं ते तुला न सांगितलेलंच बरं. मग फाडलं. त्या घरात तुला राहायचंय, मला नाही. तू सांगितल्याशिवाय त्यांना मी अक्षर लिहिणार नाही. पण तू एवढं कर. शेडमध्ये औषधाचं पाकीट कुठे ठेवतात ते बघ. औषधाच्या पाकिटावर रंगीत चौकोन असतो, खताच्या पोत्यावर नसतो. आणि ते बघेपर्यंत ढिगात हात घालू नकोस. एक दिवससुद्धा नको. आजारी आहे म्हण, पितरं आहेत म्हण, काहीही म्हण. खोटं बोलायला तुला जमत नसेल तर मी भिकुबाईंसमोर शिकलोय, कळवतो.

तू म्हणशील समाधान घाबरट आहे, कुलूप चार वेळा ओढून पाहतो. आहे मी घाबरट. पण चटका न कळणं ही गंमत नाही अक्का.

कळावे. या वेळी लोभ नंतर, उत्तर आधी.

तुझा,
समाधान

*

रावेर
मंगळवार, २३ सप्टेंबर

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझं पत्र वाचून मी तुझ्यावरच चिडले होते. माझ्या घरात डोकं खुपसतो म्हणून. पाकीटबिकीट मी शोधलं नाही. हात मात्र घातला नाही. अंग दुखतंय म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून हे भांडी आपटू लागले.

काल घट बसले. सासूबाईंनी मला घटाखाली पेरायला माती आणायला सांगितली. पाऊस होता, शेतात चिखल, म्हणून मी म्हटलं शेडमधलं कोकोपीटच घेते, मऊ आहे, धान लवकर उगवेल. तर त्या एकदम उठून बसल्या. म्हणाल्या, त्या ढिगाला हात लावू नको, त्यात अळीचं औषध असतं, देवीच्या घटाला चालणार नाही. शेतातूनच आण.

मी माती आणली. परडीत पसरली, गहू पेरले, पाणी शिंपडलं, दिवा लावला. पण समाधान, घटाला चालत नाही हे त्यांना माहीत होतं. प्रमिलाबाईलाही माहीत होतं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, आम्ही तुझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हातमोजे दे नाहीतर चाललो. माझ्यापासून तेवढं लपवलं. बाहेरच्या बायकांना सांगावं लागतं, त्या निघून जाऊ शकतात.

रात्री मी ह्यांना विचारलं. म्हणाले, एवढ्याने काय होतं, साबणाने हात धुतले की झालं. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या तुम्ही भरा. वाघोड्याच्या शेतकऱ्याची रोपं द्यायची आहेत, ट्रे अडलेत, त्यामुळे आज सकाळी नाइलाजाने बसले. मी ओट्यावरून बघत होते. ढिगाजवळ बसायच्या आधी त्यांनी दुधाच्या दोन पिशव्या धुतल्या, दोन्ही हातांना चढवल्या आणि मनगटावर दोरीने बांधल्या. दाताने गाठ मारली. माझ्याकडे बघितलं नाही.

मला तेवढंच पाहायचं होतं. यांना माहीत नव्हतं असं मी आता कोणाला सांगणार नाही, स्वतःलाही नाही.

उद्या प्रमिलाबाईबरोबर जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे जाते. तिकडून धुळ्याची गाडी धरीन. घट उठायच्या आधी सून बाहेर पडते म्हणून सासूबाई बोलतील. बोलू देत. नानांना सांगू नकोस, बापाचा जीव आहे, बटण लावायला येते म्हण.

दाजींना अजून लिहू नकोस. जे म्हणायचंय ते मी म्हणेन, तू शुद्धलेखन तपास.

तुझी,
अक्का

*

धुळे
शनिवार, २७ सप्टेंबर, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे

ती. सौ. अक्का हिस,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी बाहेर बसून तुलाच पत्र लिहितोय, हे वेडेपण आहे. पण काल डॉक्टरांचा कागद वाचल्यावर मला तुझ्यासमोर बोलता आलं नाही. बोटांची जाणीव परत येईल, सगळी येईलच असं नाही, असं त्यांनी लिहिलंय. त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. म्हणून काल मी दुकानात एका चांगल्या मोटारीची तार तोडली आणि मालकाचं ऐकून घेतलं.

झिपरीने रात्री कात टाकली. उताणी पडून तीन तास. आठही पाय बाहेर आले. फरफटणारा पाय इतरांपेक्षा थोडा आखूड आणि फिकट आहे, पण ती तो टेकवते. जुनी कात डब्यात तशीच पडलीय. तू उठलीस की दाखवीन. बोट लावू नकोस, नखाने उचल, ती फार नाजूक असते.

दाजींचा काल फोन आला होता. ट्रे अडलेत, कधी येणार म्हणून विचारत होते. मी स्पीकर लावला. नाना, भिकुबाई आणि शेजारचा पितांबर सगळ्यांनी ऐकलं. मी एवढंच म्हटलं की अक्का झोपली आहे. मग फोन ठेवला. हे तुला विचारल्याशिवाय केलं, त्याचा राग यायचा तर येऊ दे.

तू किती दिवस राहायचं ते तू ठरव. हे घर तुला पाय टेकवायला चालतं का, एवढंच बघ. लोभाचं काय ते उठल्यावर समोरासमोर.

तुझा,
समाधान

खर्च: कोकोपीटची वीट ६०, फडकं ४०, रबरी हातमोजे सहा जोड ५४० (एक जोड तुझा, पाच प्रमिलाबाईंच्या हाती देण्यासाठी), डॉक्टर आणि औषधं १,८५०. एकूण २,४९०. माझ्याकडून झाले, परत घेणार नाही.

येणे, प्रेमराज दाजींकडून: महाशिवरात्रीपासून तुझा रोज, बाहेरच्या बाईइतकाच, तीनशे. बेरीज मी करून ठेवलीय, पण आकडा लिहिला नाही. तुझ्या बोटांत पेन धरता येईल त्या दिवशी तो तू लिही. जागा सोडली आहे: