पोटातली कापडी नळी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेला मी मुद्दाम आले नव्हते, हे आधी सांगते.

आणीबाणी उठली त्या वर्षी आलेला घोटीचा भातगिरणीवाला तुम्हाला आठवत नसेल. मुंबईत त्याच्या पोटातली फुगलेली महाधमनी कापून तिथे कापडी नळी बसवली होती. तीन वर्षांनी त्याला रक्ताची उलटी झाली आणि आपोआप थांबली. तुम्ही म्हणालात, अल्सर. मी तुमच्या हाताखाली नवीन डॉक्टर, तरी राउंडला बोलले, "सर, नळी आतड्याला घासून भोक पडलं असेल. हे पहिलं रक्त म्हणजे इशारा असतो. आजच मुंबईला पाठवू या." तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर हसलात. "बाई, पुस्तकातले दुर्मीळ रोग नाशकात येत नाहीत. दूध द्या त्याला." तिसऱ्या दिवशी दुपारी तो चहा मागता मागता रक्त ओकला. मी धावत पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चौकशीत तुम्ही शांतपणे सांगितलंत, ज्युनिअरने मला वेळेवर कळवलं नाही. माझी नोकरी गेली.

मी मुंबईला जाऊन रक्तवाहिन्यांचीच शस्त्रक्रिया शिकले, रागाने शिकले. परत आल्यावर काही वर्षांनी हरसूलचे एक मास्तर आले. तशीच नळी, तशीच एकच उलटी. मी थांबले नाही. पोट उघडलं, महाधमनीला वरच्या बाजूने क्लॅम्प लावून रक्त थांबवलं, चिकटलेलं आतडं सोडवलं. करंगळी जाईल एवढं भोक. ते शिवलं, पू धरलेली जुनी नळी काढली, महाधमनीचं तोंड बंद केलं आणि पायांना रक्त मिळावं म्हणून काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून नवी नळी नेली. मास्तर आपल्या पायांनी घरी गेले. मग शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत मी दोन्ही केसेस मांडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत. तुमचं नाव घेतलं नाही; 'दूध द्या' एवढं सांगितलं आणि तुमच्याकडे बघत राहिले. सगळ्या माना वळल्या. तुम्ही उठून निघालात, काठी खुर्चीपाशीच राहिली. कुणीतरी म्हणालं, "अहो, नेऊन द्या त्यांना." मी म्हणाले, "राहू दे." त्यानंतर तुम्ही एकाही सभेला आला नाहीत. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मी त्या सभेत गाळली. त्या राउंडनंतर गिरणीवाल्याच्या बायकोने मला व्हरांड्यात गाठलं होतं. "ताई, भावाची जीप हाय. यांना मुंबईला नेऊ का?" मी तुमच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर सांगतील तसं करा."