शेवटच्या घराचा सूड

६ एप्रिल
राजनंदिनीने जामखेडला सिनेमाला ओढून नेलं. कॉलनी कमिटीची सेक्रेटरी आहे, नाही म्हणता येत नाही. भिकार सिनेमा. एका बाईची चुरमुऱ्यांची भट्टी चार जण जाळून टाकतात. ती पांढरी साडी नेसून, काळा गॉगल लावून चौघांना एकेक करून संपवते. मध्येच भूत, मध्येच लावणी, मध्येच कोर्ट, शेवटी मिरचीबाजारात घोड्यावरून तलवारबाजी. कशाचा कशाला मेळ नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, 'वन थिंग ॲट अ टाइम, गर्ल्स.' दिग्दर्शकाला पत्र लिहायचं.
समोसा गार.
ती बाई काम झाल्यावर मागे वळून पाहत नाही, तेवढं बरं घेतलंय.

८ एप्रिल
नळाला करंगळीएवढी धार. दोन हंडे, एक बादली, खेळ खलास. आपलं घर लाइनीत शेवटचं आणि चढावर, हे कारण घर बांधल्यापासून ऐकते आहे. चढ काय यंदा वाढला?
लेकीचा, स्नेहलचा, पुण्याहून फोन. मे अखेरपर्यंत पाण्याचं जमलं नाही तर घर बंद करून तिच्याकडे राहायला जायचं, असं ठरलं आहे म्हणे. कोणाचं ठरलं? हे घर मी माझ्या पीएफमधून बांधलं, जन्मभर पोरांना टेन्स शिकवून. तिथे मला एक खोली मिळणार, तिची खिडकी पार्किंगवर. जाणार नाही. विषय संपला.
भाजी धुतलेलं पाणी मोगऱ्याला.

११ एप्रिल, सकाळी सात
पाण्याच्या वेळेला शेजारच्या सोपानरावांच्या मागच्या खोलीतून घर्रर्र आवाज. मोटर! लाइनीला मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढतात. शुगर फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेला माणूस, त्याला काय अवघड! कुंपणावरून भांडण झाल्यापासून आमचं बोलणं बंद आहे, त्यामुळे विचारता येत नाही. गरजही नाही. आवाज म्हणजे मोटरच.
मोटर सापडली तर कनेक्शन दिवाळीच्या मीटिंगपर्यंत कट, हा नियम मीच मागच्या वर्षी करून घेतला. 'वयाची अथवा आजारपणाची सबब ऐकली जाणार नाही' हे वाक्यही माझंच. कमिटीत इतकं स्वच्छ वाक्य दुसरं कोण लिहिणार?

१३ एप्रिल
तोच सिनेमा पुन्हा. एकटीने. पत्रात चुका दाखवायच्या तर नीट पाहायला हवा.
त्या बाईला कोणी 'आता वय झालं, जुळवून घ्या' म्हणत नाही. भूतसुद्धा तिच्या मागून चालतं. रडता रडता लावणी आणि लावणीतून तलवार, हे पहिल्यांदा खटकलं होतं. पण माणसाला राग येतो तेव्हा तो तरी कुठे एकाच पद्धतीने येतो? हसू येतं, रडू येतं, काहीतरी फोडावंसं वाटतं.
पत्राचा सूर थोडा सौम्य करावा लागेल.
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा गॉगल कपाटात सापडला.

१५ एप्रिल
संकल्प: सूड घ्यायचा. शांतपणे, स्टाइलमध्ये. चहात साखर कमी.
सोपानरावांच्या मिसेस भागिरथीबाई, त्यांचं माझं भांडण नाही, कुंपणावरून बाजरीचं पीठ देऊन गेल्या. अजून गरम होतं. म्हणाल्या, मॅडम, घरचंच हाय, भाकर करून बगा. सरळ सरळ लाच! पुरावा म्हणून ठेवून घेतलं.
भाकरी मऊ झाल्या.

१९ एप्रिल
आज एकच हंडा. स्नेहलला सांगितलं, टाकी भरून वाहते आहे. ती म्हणाली, मग आवाज असा का येतोय? म्हटलं, तहान लागली आहे.
दारात कोणी आलं की आधी हंड्यात डोकावते. येणाऱ्याला पहिलं पाणी द्यावं लागतं. पूर्वी मी ग्लास दोनदा भरून द्यायची.
प्लंबर कल्याणला बोलावून मोरीत मोटर बसवून घेतली. एक हॉर्सपॉवर. ही मोटर वेगळी. चोराच्या हातातली तलवार आणि नायिकेच्या हातातली तलवार एक नसते. कल्याण म्हणाला, मॅडम, नियम तुमीच केल्ता ना? म्हटलं, म्हणूनच त्याचा अर्थ मला कळतो. तू पाइप जोड.

२२ एप्रिल
टाकी भरली! मोगऱ्याला नळीने पाणी. डोक्यावरून अंघोळ.

२६ एप्रिल
राजनंदिनीकडे पाणी आलं नाही. तिच्या शेजारीही नाही. सोपानरावांनी दुसरी मोटर बसवलेली दिसते. माणूस किती खालच्या थराला जातो! स्वतः स्कूटरला कॅन बांधून गावातून पाणी आणताना दिसले. नाटक, आणि तेही पहिल्या नंबरचं. उन्हाने तोंड लाल करून घेतलं होतं.

३० एप्रिल
सिनेमा तिसऱ्यांदा. दारावरचा माणूस ओळखीचं हसला. दुर्लक्ष केलं.
राजनंदिनीला बजावलं: रविवारी सकाळी सातला, पाण्याच्या वेळी, अचानक तपासणी. सुरुवात सोपानरावांच्या घरापासून. ती म्हणाली, मॅडम, त्या माणसानं काल मला त्यांच्या कॅनमधलं पाणी दिलं हो. म्हटलं, खलनायक असाच असतो, इंटरव्हलपर्यंत.
हे एकदा झालं की स्नेहलला फोन करायचा. खिडकी तुझी तुलाच लखलाभ म्हणायचं.

३ मे
रंगीत तालीम. पांढरी साडी, गॉगल, मोबाईलवर सिनेमाचं ढोलवालं संगीत. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत स्लो मोशनमध्ये चालले. गॉगलमुळे पायरी दिसली नाही. गुडघा सुजला.
भागिरथीबाई धावत आल्या, हळद गरम करून लावली. शत्रूची बायको. डोळे मिटून लावून घेतली.

४ मे, सकाळी साडेसहा
पाणी आलं. मंडळी सातला येतील. तोवर थोडा वेळ मोटर लावते, मग बंद. ढोल फुल्ल आवाजात लावला आहे. आज काय ते होऊन जाऊ दे.

४ मे, दुपार
लिहायचं नव्हतं.
मंडळी कल्याणला घेऊन लवकर आली होती. मी घाईघाईत गॉगल लावून शेजारी पोचले तेव्हा घर्रर्र चालूच होतं. मागच्या खोलीचं दार मीच ढकललं. भागिरथीबाई डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढऱ्या. सोपानराव म्हणाले, मॅडम, ही घरघंटी हाय. सकाळची लाइट टिकती म्हनून तवाच दळतो. तुमाला पीठ न्हाई का दिलं हिनं?
त्यांनी घरघंटी बंद केली. तेवढ्यात माझ्या घरातलं गाणंही संपलं. तरी घर्रर्र चालूच राहिलं.
सगळे माझ्या मोरीकडे बघायला लागले.
राजनंदिनीने नियम वाचला. सबबीचं वाक्य वाचताना तिचा आवाज खाली गेला. सोपानराव म्हणाले, जाऊ द्या ओ, म्हातारं मानूस हाय, एकटं हाय.
ते ऐकलं आणि मीच म्हटलं, कापा. आत्ताच्या आत्ता कापा.
कल्याणने माझ्याकडे न बघता कनेक्शन कापलं. त्याला विचारलं, पाणी घेशील का? सवयीने.

९ मे
सोपानरावांनी कुंपणावरून नळी टाकली. नको म्हटलं. दोन वर्षांत त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. नळी तशीच राहिली, पाणी मोगऱ्यात जात होतं. मोगऱ्याला स्वाभिमान नाही.
एक हंडा भरून घेतला. मोगऱ्याचं उरलेलं.

१८ मे
राजनंदिनीने स्नेहलला कळवलं. स्नेहल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आई, पंचवीसला गाडी पाठवते.
दिग्दर्शकाला पत्र लिहायला घेतलं: 'महोदय, शेवटी ती बाई कुठे जाते ते दाखवलेलं नाही.' पुढे सुचलं नाही.
टॉकीजवरचं पोस्टर बदललं आहे.

२५ मे
गाडी आली. किल्ली भागिरथीबाईंकडे. मी गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्या मांडीवर पिठाचा डबा ठेवला, म्हणाल्या, पुन्याला असलं न्हाई मिळायचं. सोपानरावांनी बॅग आत ठेवली. मी गॉगल लावला. मागे वळून पाहायचं नाही, हे पक्कं ठरलं होतं.
फाटक ओलांडायच्या आत पाहिलं. भागिरथीबाई माझ्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या. फार कमी घालत होत्या. मुळापर्यंत जायला हवं. सांगण्यासाठी काच खाली केली, तोवर गाडी वळली.